आग्या मोहोळाखालचा दरवाजा

भाऊजी गेले तेव्हापासून ताईला घरात बसवत नसे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती वणीला राहते. भाऊजी कोळशाच्या खाणीत नोकरीला होते. निवृत्त झाले आणि पुढच्याच हिवाळ्यात, सकाळी दाढी करता करता, छातीला हात लावून खाली बसले ते उठलेच नाहीत. मुलगा पुण्याला. ताई पहिले काही महिने दिवसभर टीव्ही चालू ठेवायची, बघायची मात्र नाही. मग एका रविवारी तिचा मला फोन आला तो वाऱ्याच्या घोंघाटातून. ती कुठल्याशा पडक्या बुरुजावर उभी होती. मी विचारलं, एकटीच? तर म्हणाली, शेजारचे भाई आहेत सोबत, त्यांचीच गाडी आहे.

हे भाई म्हणजे तिच्या गल्लीतले गॅरेजवाले. भाऊजींचे जुने दोस्त. ताईला ते भाभी म्हणतात. भाऊजींच्या मागे ताईचं गॅस सिलिंडर, दिवे, नळ हे सगळं त्यांनी न सांगता आपल्याकडे घेतलं होतं, आणि आता तिच्या या नव्या वेडापायी रविवारची गाडीही काढत होते. कधी किल्ला, कधी जुनं देऊळ, कधी कुणी जपून ठेवलेलं जुनं घर. ताईला इतिहास फारसा ठाऊक नव्हता. तिला फक्त अशा जागी जायचं असे जिथं राहणारी माणसं जाऊन खूप काळ झालेला आहे. असं का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

मी यवतमाळला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. स्वभावानं मी भित्री. लिफ्टमध्ये माझा जीव गुदमरतो, उंच जिन्यावरून खाली पाहवत नाही, अंधाऱ्या खोलीत पाय टाकायच्या आधी मी दहा वेळा बटण शोधते. तरी ताई अशी हिंडायला लागल्यावर मला घरी बसून जास्त भीती वाटू लागली. रविवारी तिचा फोन लागला नाही की मी दर पाच मिनिटांनी पुन्हा लावून पाहायची. शेवटी मीच म्हटलं, पुढच्या वेळी मीपण येते. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं वणीला पोचले. पांढरकवड्याच्या पुढं रस्त्याच्या कडेला वनखात्याची पाटी लागली होती, या भागात वाघाचा वावर आहे म्हणून. शेजारची बाई म्हणाली, मागच्या महिन्यात एक बैल नेला. मी खिडकीची काच ओढून घेतली.

सकाळी निघालो. माघ सरत आला होता. कापसाची वेचणी उरकून शेतात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या आणि बांधावर पळस फुलायला लागला होता. आधी एक जुनं घर पाहायचं आणि मग किल्ला, असा ताईचा बेत होता.

घर एका कापूस व्यापाऱ्याचं होतं. दुमजली, सागवानी खांबांचं. वंशज बाहेरगावी असतात, पण त्यांनी ते विकलं नाही. वस्तू मांडून ठेवल्या आणि रविवारी लोकांना पाहायला उघडं ठेवलं. देखभाल करणारी बाई पुढं आणि आम्ही मागं. कापूस तोलायचा मोठा काटा, दोरीनं ओढायचा छताचा पंखा, जस्ताचा टब, बाळंतिणीची बाज. ताई एकेका वस्तूपाशी थांबून तिला बोट लावून पाहत होती. वरच्या माडीवर जायचा जिना भिंतीतून काढलेला, एका माणसापुरता. मी खालीच थांबते म्हटलं, तर ताईनं माझा हात धरला आणि मला ओढत वर नेलं.

माडीच्या टोकाला एका खोलीत पेंढा भरलेला वाघ होता. आम्ही आत शिरलो आणि नेमकी लाइट गेली. खिडक्या बंद होत्या. मी तोल सावरायला हात पुढं केला तर बोटांना राठ, थंड केस लागले. मी तशीच उभी राहिले, हात त्या केसांवर, आणि मला माझ्या कानात माझंच रक्त ऐकू येत होतं. त्या बाईनं चाचपडत खिडकी उघडली तेव्हा दिसलं, माझा हात वाघाच्या मानेवर होता आणि त्याचे काचेचे डोळे माझ्याकडे वळलेले होते. ताई हसली. "मेलेल्याले कायले भेतं?" ती म्हणाली. त्या घरातून बाहेर पडेपर्यंत मी तिच्या पदराचं टोक सोडलं नाही.

किल्ला तिथून तासाभराच्या वाटेवर. जंगलाच्या कडेला एक बुटकी टेकडी, वर गोंड राजांच्या काळातला म्हणतात तो किल्ला. फार लोक जात नाहीत. पायथ्याच्या वस्तीपाशी गाडी लावली आणि सतरंजी, डबे, पाण्याची कॅन घेऊन चढायला लागलो. वाटेत सागाची वाळकी पानं पायाखाली इतकी वाजत होती की आपल्या मागून आणखी कुणी चालतंय असं मला सारखं वाटायचं. मी मागं वळून पाहायची. भाईंच्या ते ध्यानात आलं. ते माझ्या मागं चालू लागले.

किल्ल्याचा दरवाजा अजून शाबूत आहे. भली मोठी कमान, दोन्ही बाजूंना बुरुज. कमानीच्या वर, बुरुजाच्या पुढं आलेल्या दगडाखाली, मला काळे लांबट पट्टे दिसले. मला वाटलं पावसाळ्यातल्या ओलीचे डाग असतील. भाई थांबले. त्यांनी आम्हांला हातानं थांबवलं आणि आवाज अगदी खाली घेतला.

"भाभी, वर आग्या आहे. बोलू नका. हळूच आत चला."

मी पुन्हा वर पाहिलं. त्या काळ्या पट्ट्यांवरून एक लाट सरकत गेली, वरून खाली, जशी वाऱ्यानं गव्हाच्या पिकावरून जाते. तेव्हा कळलं की तो दगड नाही, त्या माशा आहेत. एकमेकींना चिकटलेल्या, हातभर लांबीची पोळी झाकून बसलेल्या. अशी किती पोळी होती ते मी मोजलं नाही. मी खाली मान घालून श्वास रोखला आणि कमानीखालून गेले. आतमध्ये दरवाज्याच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या होत्या, म्हणजे भिंतीतल्या ओसरीसारख्या जागा. त्यांतल्या एकीला मागं एक लहान खोली होती, पार काळोखी. वटवाघळांचा वास येत होता.

किल्ला पाहून झाला. आत एक पाण्याचं टाकं, पडलेल्या भिंती, तटावर वाढलेली झुडपं. टाक्याच्या काठावर एक जोडपं फोटो काढून घेत होतं. हल्ली लग्नाआधी काढतात तसे. मुलीनं फिकट निळा घोळदार गाऊन घातला होता. त्याची मागची जाळी इतकी लांब होती की फोटोवाला दर वेळी ती उचलून नीट पसरून द्यायचा. मुलगा कोटात. तो उन्हानं घामाघूम झाला होता.

आम्ही बाहेर आलो. दरवाज्यापासून थोडं खाली मोहाच्या झाडाखाली भाईंनी सतरंजी अंथरली. ताईनं डबे उघडले आणि तिच्या सवयीप्रमाणे तिला त्या पोरांची आठवण झाली. भाकरी भरपूर आहेत, त्यांना बोलावून आण म्हणाली. मला पुन्हा त्या कमानीखालून जायचं नव्हतं, पण तसं सांगायची लाज वाटली. मी गेले.

कमानीखाली पोचले तर ती मुलगी दरवाज्याच्या आतल्या बाजूला येऊन उभी होती. मुलगा तिच्यापासून थोडा दूर. फोटोवाल्याच्या हातात रंगीत धुराची नळकांडी होती आणि त्यानं ती पेटवलीही होती. गुलाबी धूर दाट लोटासारखा निघाला, कमानीत शिरला आणि वर चढू लागला. मी दोन्ही हात हलवले. नको, वर माशा आहेत, असं म्हणायचं होतं. मी काय बोलले ते मला आठवत नाही. एक आवाज सुरू झाला. पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तसा आणि मग एकदम जवळ आल्यासारखा. कमानीतला उजेड कमी झाला.

पहिली माशी माझ्या कपाळावर बसली. तापलेला खिळा टोचावा तशी कळ गेली. मग मानेवर, हातावर. मी पदर डोक्यावर ओढला आणि समोरच्या देवडीत शिरले, तिथून मागच्या काळ्या खोलीत. एरवी त्या खोलीत मी पाऊल टाकलं नसतं. मागून कुणीतरी धडपडत आलं. ती मुलगी होती. तिच्या केसांत माशा अडकल्या होत्या आणि ती दोन्ही हातांनी आपलं डोकं बडवत होती. मी तिला भिंतीकडे ओढलं, तिचं डोकं माझ्या पोटाशी धरलं आणि पदरानं झाकलं. दारातून मला शेवटचं दिसलं ते असं की फोटोवाला टाक्याच्या दिशेनं पळाला आणि मुलगा आमच्या पुढून, कमानीतून, बाहेर धावत गेला.

मग काही दिसेना. आत काळोख होता म्हणूनच वाचलो असं डॉक्टर मागाहून म्हणाले, माशा अंधारात फारशा शिरत नाहीत. पण ज्या आत आल्या होत्या त्या आमच्या अंगावर होत्या. मी हातानं चाचपून एकेक चिरडत होते. चिरडली की बोटालाच डंख. डोक्यावर वटवाघळं फडफडत होती. आणि बाहेर तो आवाज एकसारखा.

त्या आवाजातून मला ताईची हाक ऐकू आली. माझं घरातलं लहानपणीचं नाव घेऊन तिनं दोनदा हाक मारली. मी होता तेवढा जोर लावून ओ दिली. माझी ओ तिच्यापर्यंत गेली नसावी, कारण तिनं पुन्हा हाक मारली, या वेळी घाबरून. मग एकदम बंद झाली. मी वाट पाहिली. पुन्हा आली नाही.

आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींना भ्याले, पण तेव्हा जे वाटलं ते त्यांतलं नव्हतं. भाऊजींसारखं झालं असेल, छातीला हात लावून ती खाली बसली असेल, असंच दिसत होतं. मोबाइल काढला तर रेंज नव्हती. त्याच्या उजेडात मुलीचा चेहरा पाहिला. एक डोळा पूर्ण मिटला होता, ओठ सुजून बाहेर आले होते. गालावर, मानेवर काळे बारीक काटे दिसत होते. ते चिमटीनं ओढू नयेत, विष आत जातं, हे मी कुठंतरी वाचलं होतं. नखानं खरवडत खरवडत काढले. मधेच एकदा ती म्हणाली, "मॅडम, ते कुठं गेले?" मी म्हटलं, खाली गेलेत, मदत आणायला. मला तसं वाटत नव्हतं. मला वाटत होतं तो पळाला.

थोड्या वेळानं तिच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तिनं माझा हात आपल्या गळ्यावर नेऊन ठेवला. "मले श्वास घेता येऊन नाही राह्यला," ती म्हणाली. हे शब्दही तुटक निघत होते.

बाहेरचा आवाज थोडा कमी झाला होता, थांबला नव्हता. इथं बसलो तर ही माझ्या मांडीवर जाईल हे मला कळत होतं. बाहेर पडायचं तर कशानं झाकून? माझ्या पदरातून डंख सरळ आत येत होते. तेव्हा हाताला तिच्या गाऊनची जाळी लागली. कितीतरी वार लांब जाळी, बारीक आणि ताठ. मी ती शिवणीपासून फाडायला गेले तर फाटेना. मग तशीच पुढं ओढली, तिच्या डोक्यावरून घेतली आणि मीही आत शिरले. मच्छरदाणीत बसावं तसं आम्ही दोघी उभ्या राहिलो. कडा मुठीत घट्ट धरल्या. तिला सांगितलं, पळायचं नाही, हात झटकायचे नाहीत, फक्त माझ्यासोबत चालायचं.

कमानीत उजेडात आलो तेव्हा माशा जाळीवर येऊन आपटू लागल्या. टप टप. काही बसून राहिल्या. त्यांची पोटं, पाय, माझ्या डोळ्यांपासून बोटभर अंतरावर. जाळी नाकाला टेकली की तिथं डंख बसायचा. मी ती कोपरानं पुढं रेटून धरली. माझ्या पायांना वाटत होतं पळावं. मुलीचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं होतं. आम्ही चालत होतो.

मोहाच्या झाडापाशी डबे उघडे पडले होते. बाजूला सतरंजी होती, आणि सतरंजीखाली माणसं होती. वर माशा इतक्या बसल्या होत्या की सतरंजी कुठं संपते ते कळत नव्हतं. मी थांबले. मला ती सतरंजी उचलायची होती आणि तिच्याखाली काय असेल ते पाहायची हिंमत नव्हती.

त्या माशांखालून भाईंचा आवाज आला. "बाई, थांबू नका. चालत राहा."

"ताई?" मी म्हटलं.

"मी आहे," ताई आतून म्हणाली. आवाज दबलेला, पण तिचा होता. "तुझ्यासंग कोण हाय?"

मी सांगितलं, ती मुलगी आहे, तिला श्वास लागलाय.

"मंग तिले ने अगुदर. आमचं पाहू नको. जाय."

तिथून पुढं टाकलेलं पाऊल माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जड होतं. मागं वळले असते तर मुलगी पडली असती. मी गेले. वाट उतरताना मी मोठमोठ्यानं तिच्याशी बोलत होते, ती जागी राहावी म्हणून. लग्न कधी आहे, मांडव कुठं आहे, असलं काहीबाही. ती उत्तर देत नव्हती. पाय मात्र टाकत होती.

वळणावर धूर दिसला. पायथ्याच्या वस्तीतली माणसं वर येत होती, डोक्यावरून घोंगड्या आणि गोधड्या घेतलेली. हातात ओल्या गवताच्या धुमसत्या पेंढ्या. सगळ्यांच्या पुढं तो मुलगा होता. कोट नव्हता, एक बूट नव्हता, तोंड ओळखू येणार नाही असं सुजलेलं. त्यानं मुलीला माझ्या खांद्यावरून घेतलं आणि उचलून खाली धावत सुटला. मी वर बोट दाखवलं आणि सतरंजी, सतरंजी एवढंच म्हणत राहिले. ती माणसं धूर करत वर गेली. मी वाटेतच बसले. ताईला दोघांनी धरून आणलं तेव्हा ती आपल्या पायांनी चालत होती. भाईंना मात्र गोधडीच्या झोळीत घालून आणावं लागलं.

सतरंजी दोघांना पुरेशी नव्हती. ताईनं मागाहून सांगितलं. भाईंनी तिला मधे घेऊन सगळी सतरंजी तिच्यावर ओढली होती आणि स्वतःची पाठ अन् डोकं बाहेर ठेवलं होतं. ती म्हणत होती, भाई, आत या. ते म्हणत होते, आतच आहे.

जवळच्या दवाखान्यात मुलीला आत नेल्या नेल्या इंजेक्शन दिलं आणि ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता. फोटोवाला टाक्यात गळ्यापर्यंत बुडून बसला होता, त्याला संध्याकाळी काढलं. ताईचे हात नि मान सुजली होती, मी तापानं फणफणले होते, पण त्या रात्री आम्ही दोघी घरी जाऊ शकलो असतो. भाई नाही. त्यांच्या डोक्यातून नर्स काटे काढत होती ते संपतच नव्हते. सकाळी त्यांची लघवी चहासारखी झाली. डॉक्टरांनी लगेच अँब्युलन्स बोलावली आणि यवतमाळला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. विष किडनीवर गेलंय म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मला किल्ल्यापेक्षा भयंकर आठवतात. तिथं जे होतं ते डोळ्यांना दिसत होतं. इथं एक बंद दार होतं आणि त्यापुढं एक बाक. बाकावर भाईंची बायको आणि ताई शेजारी शेजारी बसायच्या. मी कॉलेज सुटलं की डबा घेऊन जायची. जिना चढताना दर वेळी मला वाटायचं, आज बाक रिकामा असेल. भाईंच्या बायकोनं ताईला एका शब्दानं दोष दिला नाही. तेच ताईला सोसवेना. एकदा ताई त्यांना म्हणाली, "भाभी, माझ्या हौसेपायी झालं हे." तर त्या म्हणाल्या, "तुमच्या हौसेपायी नाही. ते खुद खूश राहायचे इतवारच्या दिवशी." आणि दोघी पुन्हा दाराकडे पाहत बसल्या.

डायलिसिस करावं लागलं. मग एके दुपारी नर्सनं बाहेर येऊन सांगितलं की लघवी साफ होते आहे. भाईंच्या बायकोनं डोळे मिटून दुवा मागितली. ताई उठून नळाकडे गेली आणि किती तरी वेळ तोंड धूत राहिली. भाई घरी आले ते अर्धे होऊन आले. गॅरेज उघडायला उन्हाळा उलटला.

मुलीचं लग्न पुढं ढकललं होतं, ते जूनमध्ये झालं. आम्हांला आग्रहाचं बोलावणं होतं. मुलाच्या भुवईवर अजून डाग होते. मी त्याच्याबद्दल त्या काळ्या खोलीत काय समजले होते ते कुणालाच सांगितलं नाही, आणि जेवताना त्यानं माझ्या पानात आग्रहानं जिलेबी वाढली तेव्हा मान वर करून त्याच्याकडे पाहवलं नाही.

माझी भीती गेली नाही. घरात मिक्सर लावला की मी स्वयंपाकघरातून बाहेर येते. कुठल्याही कमानीखाली जायच्या आधी मान आपोआप वर होते. उंच इमारतीच्या सज्जाखाली काळा डाग दिसला की रस्ता बदलते.

दिवाळीनंतर ताईचा फोन आला. एक जुनं घर पाहायला जायचंय म्हणाली, भाई गाडी काढतो म्हणतात, त्यांची बायकोही येते आहे. मी नको म्हणणार होते. मग त्या गाडीत मी नाही, ती कुठं आहे मला ठाऊक नाही, असा एक रविवार मी मनात पाहिला, आणि येते म्हटलं.

घर चांगलं राखलेलं होतं. बाग होती, पितळी कड्यांचा झोपाळा होता. मी प्रत्येक खोलीच्या दारात थांबून आधी छत पाहिलं. कुणी मला हसलं नाही. भाईही माझ्यासोबत वर पाहायचे. बागेतल्या बाकावर जेवायला बसलो तेव्हा ताईनं माझा हात हातात घेतला. तळवा घामानं भिजला होता. तिनं तो पदरानं पुसला, त्यावर भाकरी ठेवली आणि भाईंच्या बायकोला ठेच्याची वाटी पुढं केली.